कुत्रा किलोवर मोजू नका

मॅगझिनच्या मराठी विभागात दरवर्षी पाऊस, मैत्री आणि हॉस्टेलची मेस यांवरच लेख येतात. यंदा मी कुत्र्याच्या पिंजऱ्यावर लिहितेय. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, पुढे थोडी आकडेमोड आहे. (माझं मराठी कॉन्व्हेंटमधलं आहे, तेवढं सांभाळून घ्या.)

मुद्दा सरळ आहे. आपल्याकडे लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्ड, अगदी ग्रेट डेनसुद्धा वन बीएचकेमध्ये येऊन राहतात. त्यांच्यासाठी क्रेट घ्यायला गेलं की दुकानदार एकच प्रश्न विचारतो, "किती किलोचा आहे?" सुट्टीत मामाबरोबर गेले होते तेव्हाही हेच. मामा म्हणाला, "चौतीस." दुकानदाराने एका ३६ इंची क्रेटवर थाप मारली. "पस्तीसपर्यंत चालतो साहेब, बिनधास्त न्या." संपलं! अहो, कुत्रा म्हणजे काय बटाट्याचं पोतं आहे?

वजनावरून फार तर तळाचा ट्रे किती भार सोसेल हे कळेल. आत नीट उभं राहता येईल का, वळता येईल का, पाय पसरून झोपता येईल का, हे वजन सांगत नाही. ३४ किलोचा लॅब घ्या आणि ३४ किलोचाच जर्मन शेफर्ड घ्या. ब्रिटिश ब्रीड स्टँडर्डप्रमाणे लॅब नराची खांद्यापाशी उंची ५६-५७ सेंटिमीटर. शेफर्ड नराची ६० ते ६५, आणि वर त्याचे ते ताठ उभे कान. काटा दोघांना सारखंच ठरवतो. एका मापाच्या पिंजऱ्यात लॅब आरामात राहील आणि शेफर्ड मात्र दिवसभर मान खाली घालून उभा राहील.

मग मोजायचं कसं? विमानाने प्राणी पाठवण्यासाठी आयाटा या विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे नियम आहेत. त्यातली पद्धत आपल्या फर्स्ट इयरच्या पोरांनाही जमेल. चार मापं घ्यायची. नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत लांबी, ती ए. जमिनीपासून पुढच्या पायाच्या कोपरापर्यंत उंची, ती बी. खांद्यांची रुंदी, ती सी. आणि उभा असताना डोक्याच्या किंवा कानाच्या टोकापर्यंत, जे जास्त उंच असेल तिथपर्यंत उंची, ती डी. पिंजऱ्याची लांबी ए अधिक बीच्या निम्मी. रुंदी सीच्या दुप्पट. उंची डी अधिक अंथरुणाची जाडी. पग, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या जातींना याहून १० टक्के मोठा लागतो, त्यांना श्वास घ्यायलाच त्रास असतो.

मी मामाला दुकानातून तसाच परत आणला. सुताराची टेप, दोन बिस्किटं आणि भिंतीवर पेन्सिलीची खूण. (भिंत नुकतीच रंगवलेली होती, मामी अजून बोलत नाही.) टायगरची मापं आली ९०, ३२, २६ आणि ७२ सेंटिमीटर. लांबी म्हणजे ९० अधिक १६, १०६ सेंटिमीटर. जवळजवळ ४२ इंच! दुकानातल्या त्या ३६ इंची क्रेटची लांबी होते ९१ सेंटिमीटर. म्हणजे नाक एका जाळीला आणि शेपटीचं मूळ दुसऱ्या जाळीला. फिट्स अँड टॉलरन्सेसमध्ये याला इंटरफिअरन्स फिटच्या आसपास म्हणतात, आणि तो शाफ्टसाठी असतो.

आणखी एक. ४२ इंची म्हणजे आतून ४२ असेलच असं नाही. प्लॅस्टिकच्या क्रेटच्या भिंती बऱ्याचदा तिरक्या असतात, तळाशी ट्रेची जाडी जाते. तेव्हा टेप आत घालून मोजा. दुकानदार बघत राहील, राहू दे.

आता कोणी म्हणेल, मग सगळ्यात मोठाच का घेऊ नये? मोठ्या कुत्र्याला घरी थोडी जास्त जागा मिळाली तर काहीच बिघडत नाही. गाडीत मात्र फार मोठा असला तर ब्रेक लागला की कुत्रा आत आपटतो. आणि पिल्लाचं वेगळं आहे. पिल्लू झोपायच्या जागी घाण करायचं टाळतं. जागा जास्त मिळाली की एका कोपऱ्यात झोपतं आणि दुसऱ्या कोपऱ्याचं बाथरूम करतं, अगदी आमच्या सी विंगसारखं. म्हणून मोठ्या जातीच्या पिल्लासाठी मोठेपणीच्या मापाचा क्रेट घ्यावा आणि मध्ये सरकतं पार्टिशन टाकावं. पिल्लू वाढेल तसं ते मागे सरकवायचं. दर चार महिन्यांनी नवीन क्रेट घेण्यापेक्षा हे स्वस्तही पडतं.

पण माझा खरा राग मापावर नाही, तासांवर आहे. बरोबर मापाचा पिंजरा म्हणजे दिवसभर कोंडून ठेवायचं लायसन्स नव्हे. सकाळी आठला दोघंही कंपनीच्या बसमध्ये, रात्री आठला परत, आणि तोवर एवढं मोठं जनावर आत? तेही मे महिन्यात, बाल्कनीत? कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकूनच थंड होतो. स्वीडनमध्ये घरात कुत्र्याला असं पिंजऱ्यात ठेवायला कायद्यानेच मनाई आहे. आपला कायदाही काही झोपलेला नाही. १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, कलम ११: प्राण्याला पुरेशी हालचाल करता येणार नाही एवढ्या कमी उंची, लांबी, रुंदीच्या पिंजऱ्यात ठेवणं हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड किती? १० ते ५० रुपये. हो, रुपये. सबमिशनच्या वेळी याहून जास्त पैसे आपण झेरॉक्सवाल्याला देतो.

हॉस्टेलची कॉट सहा फुटी आहे. बॉईज हॉस्टेलमधले आमचे बास्केटबॉलवाले तिच्यावर तिरके झोपतात, रेक्टर सरांकडे अर्ज करतात, निदान शिव्या तरी घालतात. टायगर यातलं काही करू शकत नाही. तो शेपूट हलवत आत जातो, कारण मामाने सांगितलंय.

मामाने शेवटी ४२ इंची क्रेट घेतला. दार दिवसभर उघडं असतं आणि टायगर दुपारी स्वतःहूनच आत जाऊन घोरतो. दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलात की तुमच्याकडच्या कुत्र्याला भिंतीपाशी उभं करून मोजा. हॉलच्या मागच्या बाजूची भिंत निवडा, मामीचा अनुभव आहे.