विक्रांतवर राफेल येतील, पण आकाशातला ‘डोळा’ कुठून आणायचा?

नोव्हेंबर २०२५ मध्ये चीनची ‘फुजियान’ ही विमानवाहू युद्धनौका त्यांच्या नौदलात अधिकृतपणे दाखल झाली. तेव्हापासून सोशल मीडियावर आकड्यांची तुलना सुरू आहे. त्यांच्याकडे तीन, आपल्याकडे दोन. त्यांची ८० हजार टनांची, आपली विक्रांत ४५ हजार टनांची. पण खरा फरक समजून घ्यायचा असेल तर जहाजाचं पुढचं टोक बघावं लागेल. विक्रांतचं टोक वर वळलेलं आहे, फुजियानचं सपाट. हा फरक दिसण्यापुरता नाही. कोणतं विमान किती वजन घेऊन उडणार, हे त्यावर ठरतं.

विमान जहाजावरून उडतं कसं?

जमिनीवर लढाऊ विमानासाठी दोन-तीन किलोमीटरची धावपट्टी असते. विक्रांतची संपूर्ण लांबी २६२ मीटर आहे आणि त्यातले उड्डाणासाठी मिळतात जास्तीत जास्त सुमारे २०० मीटर. एवढ्यात विमान हवेत जायचं कसं? यासाठी मुख्यतः तीन पद्धती आहेत.

पहिली, स्की-जंप. विमान स्वतःच्या इंजिनाच्या जोरावर धावतं आणि टोकाचा चढ त्याला वर फेकतो. या उसळीमुळे उरलेला वेग हवेत गाठायला काही सेकंद जास्त मिळतात. ब्रिटिश नौदलातले अधिकारी डग्लस टेलर यांनी १९७० च्या दशकात ही कल्पना मांडली. विक्रांत आणि विक्रमादित्य, दोन्ही याच पद्धतीच्या.

दुसरी, कॅटापल्ट. गलोलीतून खडा सुटावा तसं विमान पुढे भिरकावलं जातं. दोन-तीन सेकंदांत ते ताशी अडीचशे किलोमीटरच्या आसपास वेग गाठतं. आधी हे काम वाफेवर चालायचं. अमेरिकेच्या ‘फोर्ड’ आणि चीनच्या ‘फुजियान’वर ते विद्युतचुंबकीय यंत्रणा करते.

तिसरी, आखूड धावेनंतर उडणारी आणि सरळ खाली उतरू शकणारी विमानं. एफ-३५बी हे त्यातलं आजचं प्रमुख नाव. सैनिक किनाऱ्यावर उतरवणाऱ्या अमेरिकेच्या जहाजांवरून ती उडतात.

उतरताना मात्र विक्रांत आणि फुजियानची पद्धत एकच. विमानाचा हूक डेकवरच्या पोलादी तारेत अडकतो. चाकं टेकताच पायलट वेग कमी करत नाही, उलट इंजिन पूर्ण ताकदीने चालवतो. तार हुकली तर पुन्हा उडता आलं पाहिजे ना!

मग स्की-जंपमध्ये अडचण काय?

वजनाची. बाहेरून धक्का नसल्यामुळे विमानाला पूर्ण क्षमतेइतका भार घेऊन उडणं अवघड जातं. म्हणजे इंधन तरी कमी, नाहीतर शस्त्रं तरी. एप्रिल २०२५ मध्ये भारताने फ्रान्सशी सुमारे ६३ हजार कोटी रुपयांचा करार करून २६ राफेल-एम घेतली. फ्रान्सच्या ‘शार्ल द गोल’वरून हेच विमान वाफेच्या कॅटापल्टने उडतं. स्की-जंपवरून ते उडू शकतं का, याची चाचणी जानेवारी २०२२ मध्ये गोव्यात झाली. तिथे आयएनएस हंसा तळावर जमिनीवरच स्की-जंप उभारलेला आहे. राफेल त्यावरून उडालं. त्यामुळे विक्रांतवर राफेल चालेल का, हा प्रश्न बराचसा मिटला आहे.

मोठा प्रश्न दुसऱ्याच विमानाचा आहे.

तो ‘डोळा’ म्हणजे काय?

पृथ्वी गोल आहे. त्यामुळे जहाजाच्या ५० मीटर उंच डोलकाठीवरच्या रडारला समुद्राला लगटून येणारं क्षेपणास्त्र साधारण ३०-४० किलोमीटरवर आल्यावरच दिसतं. ध्वनीच्या तिप्पट वेगाचं क्षेपणास्त्र एवढं अंतर ४० सेकंदांच्या आत कापतं. बचावासाठी हातात राहतो तो एवढाच वेळ.

उपाय एकच, रडार उंच न्यायचं. भारत त्यासाठी कामोव्ह-३१ हेलिकॉप्टर वापरतो. तीन किलोमीटर उंचीवरून समुद्रपृष्ठावर सुमारे २२५ किलोमीटरपर्यंत नजर पोहोचू शकते. आठ किलोमीटर उंचीवर उडणाऱ्या विमानातून ती सुमारे ३७० किलोमीटर जाते. क्षेत्रफळात हा फरक अडीच पटींहून जास्त होतो. शिवाय विमान हेलिकॉप्टरपेक्षा बराच जास्त वेळ हवेत राहतं.

अमेरिकेचं हॉकआय आणि चीनचं केजे-६०० ही अशीच विमानं. ती जड आहेत आणि पंख्यांवर चालतात. जहाजावर ती कॅटापल्टच्याच भरवशावर आहेत. फुजियानवरून केजे-६०० उडवल्याची दृश्यं चीनने सप्टेंबर २०२५ मध्ये जाहीर केली, ती याच कारणासाठी महत्त्वाची.

मग आपण कॅटापल्ट का बसवला नाही?

गंमत म्हणजे, आपल्याकडे तो होता. १९६१ मध्ये दाखल झालेल्या पहिल्या विक्रांतवर वाफेचा कॅटापल्ट होता. पुढे सी हॅरियर विमानं आली, तेव्हा त्याची जागा स्की-जंपने घेतली.

स्की-जंपचे फायदेही खरे आहेत. त्यात हलणारे भाग नाहीत, त्यामुळे बिघाड आणि देखभाल कमी. विद्युतचुंबकीय यंत्रणेला मात्र प्रचंड वीज लागते. फोर्डवर ती विश्वासार्ह करताना अमेरिकेलाही अनेक वर्षं झगडावं लागलं. शिवाय अरक्कोणम आणि गोव्याहून उडणारी पी-८आय विमानं हिंदी महासागराच्या मोठ्या भागावर लक्ष ठेवतात. मात्र ताफा किनाऱ्यापासून जितका लांब जाईल, तितका हा आधार विरळ होतो.

ड्रोनमुळे मधला मार्गही निघू शकतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये तुर्कीचं टीबी-३ ड्रोन ‘अनादोलू’ या स्की-जंपवाल्या जहाजावरून उडालं आणि तिथेच उतरलं, तेही अडवणाऱ्या तारांशिवाय. पण हॉकआयसारखं मोठं रडार वाहून नेणं एवढ्या हलक्या ड्रोनच्या आवाक्यातलं नाही.

म्हणून भारताच्या पुढच्या विमानवाहू नौकेची चर्चा निघेल, तेव्हा ती किती टनांची एवढंच विचारून भागणार नाही. तिचं टोक वळलेलं असेल की सपाट, हेही विचारायला हवं. जहाज एकदा बांधलं की ते तीस-चाळीस वर्षं वापरलं जातं. त्याच्या डोक्यावर कोणता डोळा असेल, हे मात्र आराखड्याच्या कागदावरच ठरून जातं.