सागरी वेगाची किंमत

उत्तर अटलांटिकवर नियमित प्रवासी वाहतूक करणाऱ्या महाजहाजांमध्ये ज्याचा वेगाचा विक्रम आजही अबाधित आहे, त्या 'एसएस युनायटेड स्टेट्स'च्या नशिबाचा फैसला अखेर जागेच्या भाड्यावरून झाला. १९९६ पासून फिलाडेल्फियाच्या धक्क्याला गंजत उभ्या असलेल्या या जहाजाने जागा रिकामी करावी, असा आदेश न्यायालयाने २०२४ मध्ये दिला. त्याच वर्षी फ्लोरिडातील ओकालूसा परगण्याने ते दहा लाख डॉलरना विकत घेतले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये टगबोटींनी ते ओढत अलाबामातील मोबाइल बंदराकडे नेण्यास सुरुवात केली. साफसफाई करून ते फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळ बुडवायचे आणि मासे व पाणबुडे यांच्यासाठी कृत्रिम प्रवाळभिंत उभी करायची, असा हा बेत आहे.

जुलै १९५२ मध्ये याच जहाजाने आपल्या पहिल्याच सफरीत न्यूयॉर्कहून इंग्लंडकडे जाताना ३ दिवस १० तास ४० मिनिटांत अटलांटिक ओलांडला. सरासरी वेग ३५.५९ नॉट, म्हणजे ताशी सुमारे ६६ किलोमीटर. १९३८ मधील ब्रिटनच्या 'क्वीन मेरी'चा विक्रम त्याने तब्बल दहा तासांनी मोडला आणि 'ब्लू रिबँड' हा मानाचा किताब अमेरिकेकडे गेला. मात्र या पराक्रमाकडे केवळ दर्यावर्दीपणाचे यश म्हणून पाहणे भाबडेपणाचे ठरेल. जहाजाच्या सुमारे पावणेआठ कोटी डॉलर खर्चापैकी बहुतांश भार अमेरिकी सरकारने उचलला होता. युद्धप्रसंगी सुमारे १५ हजार सैनिक वाहून नेता यावेत, हा त्यामागचा हिशेब होता. म्हणूनच त्याचा कमाल वेग कित्येक वर्षे लष्करी गुपित म्हणून जपला गेला.

हा प्रकार नवा नव्हता. १९०७ मध्ये सेवेत आलेल्या 'लुसिटानिया' आणि 'मॉरेटानिया' या जहाजांसाठी ब्रिटिश सरकारने क्युनार्ड कंपनीला २६ लाख पौंडांचे स्वस्त कर्ज आणि वार्षिक दीड लाख पौंडांचे अनुदान दिले होते. पुढे जर्मनीचे 'ब्रेमेन', इटलीचे 'रेक्स' आणि फ्रान्सचे 'नॉर्मंडी' या शर्यतीत उतरले, ते राष्ट्रीय प्रतिष्ठेसाठीच. तात्पर्य, सागरी वेगाचे बिल प्रवाशांच्या तिकिटांतून कधीच पूर्णपणे वसूल होत नव्हते; त्यात सरकारी तिजोरीचा वाटा मोठा असे. १९५८ मध्ये जेट विमानांनी अटलांटिकपार प्रवासी सेवा सुरू केली आणि जहाजाच्या वेगाचे प्रयोजनच संपले. १९६९ मध्ये 'युनायटेड स्टेट्स' सेवेतून निवृत्त झाले. १९९८ मध्ये 'कॅट-लिंक ५' या कॅटामरानने सरासरी ४१ नॉटहून अधिक वेगाने अटलांटिक ओलांडला खरा. पण अशी जहाजे बनतात ती जवळच्या अंतरावरील फेरीसेवेसाठी. महासागरी व्यापाराच्या दृष्टीने त्या विक्रमाला फारसा अर्थ नव्हता.

व्यापाराची दिशा तर नेमकी उलटी आहे. जहाजाचा वेग वाढवायचा तर लागणारी शक्ती साधारणतः वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग दहा टक्क्यांनी घटवला, तर इंजिनावरील भार सुमारे २७ टक्क्यांनी उतरतो. प्रवास लांबतो हे धरूनही इंधनात १९ टक्क्यांच्या आसपास बचत होते. २००६ मध्ये सेवेत आलेले 'एमा मर्स्क' हे कंटेनर जहाज २५ नॉटच्या वेगासाठी बांधले गेले होते. २००८ मध्ये आधी इंधनाचे भाव भडकले, मग मंदी आली आणि कंपन्यांनी जहाजे मुद्दाम संथ चालविण्याचे धोरण स्वीकारले. पुढे नवी जहाजेही कमी वेगासाठीच बांधली जाऊ लागली.

परंतु मंदगतीलाही किंमत असते आणि ती देणारे वेगळे असतात. नोव्हेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रात हुथी बंडखोरांनी हल्ले सुरू केल्यावर अनेक कंपन्यांनी सुएझ कालवा सोडून आफ्रिकेला वळसा घालणे पसंत केले. त्यामुळे न्हावाशेवा ते रॉटरडॅम हे अंतर सुमारे चार हजार सागरी मैलांनी वाढले. हे जादा अंतर १६ नॉटने कापायचे तर दहा दिवसांहून अधिक काळ लागतो. २० नॉटने आठ-साडेआठ दिवस. हे दोन दिवस वाचवायचे तर तेवढ्या अंतरासाठी इंधन मात्र दीडपटीहून अधिक जाळावे लागते. नाशिकच्या द्राक्षबागायतदाराला या दोन दिवसांचे मोल ठाऊक आहे. माल किती टिकणार, हे त्यावर ठरते. लांबलेल्या सफरीचा ताण सोसणाऱ्या खलाशांतही भारतीयांची संख्या मोठी आहे. वेग किती ठेवायचा, हे ठरविताना या दोघांचाही सल्ला घेतला जात नाही.

जगातील हरितगृह वायूंपैकी सुमारे तीन टक्के वायू जहाजे सोडतात. त्यावर शुल्क आकारण्याची तरतूद असलेल्या आराखड्यास आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने एप्रिल २०२५ मध्ये तत्त्वतः मान्यता दिली. ऑक्टोबरमध्ये मात्र अमेरिकेच्या तीव्र विरोधानंतर ५७ विरुद्ध ४९ मतांनी अंतिम निर्णय वर्षभर लांबणीवर टाकला गेला. म्हणजे वेगाची खरी किंमत मांडण्याची वेळ आली, तेव्हा पाऊल अडखळले. पूर्वी ही किंमत करदाते मोजत होते, आता ती हवामान मोजते आहे. शुल्क आकारले गेले तर जहाजे अधिकच संथ होतील आणि तो भार दूरच्या बाजारपेठांवर अवलंबून असलेल्या शेतकऱ्यांवर पडेल. तेव्हा शुल्क असावे की नसावे, एवढ्यावर हा वाद संपणारा नाही. जमा होणाऱ्या पैशातून नाशवंत माल पाठविणाऱ्या विकसनशील देशांना काय मिळणार, हा प्रश्न भारताने आतापासूनच लावून धरला पाहिजे.