फुकटचा डाव

"पोकरमध्ये करिअर करायला खिशात दमडी लागत नाही." हे वाक्य अलीकडे इतक्या जणांच्या तोंडून ऐकलं की आता त्याच्यावर लिहिल्याशिवाय चैन पडणार नाही. युक्तिवाद असा असतो: इंटरनेटवर फुकट प्रवेशाच्या स्पर्धा असतात, त्यांना फ्रीरोल म्हणतात. नाव नोंदवायचं, एक पैसा न भरता खेळायला बसायचं. जिंकलात तर थोडी खरी रक्कम, नाहीतर पुढच्या मोठ्या स्पर्धेचं तिकीट. त्यातून भांडवल, भांडवलातून मोठे डाव, मोठ्या डावांतून गोवा आणि गोव्यातून लास वेगास. शिडी लावून ठेवलेलीच आहे, तुम्ही फक्त चढायचं!

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. ही शिडी नाही, आणि फुकट तर मुळीच नाही. गरीब घरच्या पोरासाठी पोकरकडे जाण्याचा तो सगळ्यात महागडा रस्ता आहे.

"पत्ते म्हणजे पाप" म्हणणाऱ्यांतला मी नाही. पोळ्याला आणि दिवाळीला आमच्या भागात पत्ते बसतातच, आणि त्यात हरलेले लोक दुसऱ्या दिवशी शेतावर जातातच. पोकर हा निव्वळ नशिबाचा खेळ नाही हेही मला मान्य आहे. कोर्टांचं मात्र ह्यावर एकमत नाही. गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये पोकरला नशिबाचा खेळ ठरवलं, तर अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये कौशल्याचा. रमीला तर सर्वोच्च न्यायालयाने १९६८ सालीच मुख्यतः कौशल्याचा खेळ म्हटलं होतं. असो. कौशल्य की नशीब हा वाद वकिलांना लखलाभ. माझा वाद हिशोबाचा आहे.

हा विषय डोक्यात शिरला तो चोरखमाऱ्यात. गोंदिया जिल्ह्यात, तिरोडा तालुक्यात हे गाव. नागझिऱ्याला येणाऱ्या पर्यटकांना ते जंगलाचं एक गेट म्हणून माहीत असतं, आणि इथल्या लोकांना तलावासाठी. खरिपात धान, उन्हाळ्याच्या तोंडाशी मोहफुलं, मे महिन्यात तेंदूपत्ता; पावसाळ्यात गेट बंद, म्हणजे गाइड आणि जिप्सीवाले मोकळे. उरलेले महिने मिळेल ते काम, नाहीतर नागपूर-रायपूर-हैदराबादची गाडी. तिथे ओळखीतला एक पोरगा भेटला. बी.ए. झालेला, पोलीस भरतीला दोनदा जाऊन आलेला. मोबाइलवर पोकरच्या फुकट स्पर्धा खेळत होता, आणि अगदी मन लावून खेळत होता. मी विचारलं तर म्हणाला, "काकाजी, एक रुपयाबी लागत नाही जी. अन् टाइमच तर आहे आपल्याजवळ."

ह्या दुसऱ्या वाक्यानेच मला छळलं. फुकट प्रवेशाचा सगळा धंदा त्या वाक्यावर उभा आहे.

आता हिशोब मांडू. आकडे उदाहरणादाखल माझे आहेत, पण तुम्ही तुमचे घालून बघा. समजा बक्षिसाची एकूण रक्कम ५,००० रुपये आणि खेळायला बसलेले २,०००. म्हणजे माणशी वाट्याला आले अडीच रुपये. आपला पोरगा साधा नाही, हुशार आहे; सरासरीच्या चौपट चांगला आहे असं धरू (चौपट म्हणजे फारच झालं, पण धरू). त्याची एका स्पर्धेची सरासरी कमाई १० रुपये. वेळ दोन तास. तासाला पाच रुपये. दिवसाचे आठ तास मान मोडून खेळला तर ४० रुपये. आणि हे ४० रुपये रोज हातात पडत नाहीत बरं का. बक्षिसाचा मोठा वाटा वरच्या चार-पाच जणांना जातो, त्यामुळे बहुतेक दिवस शून्य आणि कधीतरी एकदा पाचशे.

पुढे चला. पोकरची जाणकार मंडळीच सांगतात की स्पर्धा खेळायच्या तर किमान शंभर प्रवेश-फियांइतकं भांडवल गाठीला हवं, नाहीतर नशिबाच्या एका फटक्यात माणूस संपतो. सल्ला योग्य आहे. म्हणजे अगदी १०० रुपयांच्या स्पर्धा खेळायला १०,००० रुपये हवेत. दहा-दहा रुपयांनी ते जमवायला हजार फ्रीरोल लागतील. दोन हजार तास. रोज आठ तास धरले तर अडीचशे दिवस.

महाराष्ट्रात २०२५-२६ साठी रोजगार हमीचा दर होता दिवसाला ३१२ रुपये. तेच १०,००० रुपये खडी फोडून, बांध घालून ३३ दिवसांत होतात.

हे पुन्हा वाचा, कारण शिडीवाल्यांची गोम इथे आहे. ज्या भांडवलासाठी तुम्ही त्याला अडीचशे दिवस मोबाइलसमोर बसवता, ते देशातल्या सगळ्यात साध्या मजुरीत महिनाभरात उभं राहतं. मग फुकट काय आहे? दोनशेहून जास्त दिवस त्याने भरले, फक्त पावती मिळाली नाही. शहरातला इंजिनियर तासाचा भाव मोजतो म्हणून तो असल्या नादी लागत नाही. लागलाच तर पहिल्या दिवशी दोन हजार भरून सरळ टेबलावर बसतो. "सुरुवात फुकट करा" हा उपदेश नेमका त्यालाच केला जातो ज्याचा वेळ बिनमोलाचा आहे असं सगळ्यांनी, आणि दुर्दैवाने त्यानेही, धरून चाललेलं आहे.

"पण तो शिकतो ना!" हा पुढचा मुद्दा. काय शिकतो? पोकरचा सगळा जीव ह्यात आहे की समोरच्याला हरण्याचं दुःख आहे. पैसे जातील ह्या भीतीने तो पानं टाकतो, म्हणून तुमच्या हुलकावणीला किंमत येते. फुकटच्या टेबलावर कोणाचंच काही जात नाही. पहिल्याच हातात चार-चार जण सगळ्या चिप्स पुढे ढकलतात, कारण हरले तर दहा मिनिटांनी दुसरी स्पर्धा आहेच. तिथे हुलकावणी चालत नाही, संयमाला फळ नाही. तिथून निघून पोरगा खऱ्या टेबलावर गेला की समोर असतात रोज संगणकावर गणितं सोडवून आलेले लोक. गावच्या तलावात पोहायला शिकून समुद्रात पडण्याचीही उपमा इथे चालत नाही, कारण तलावात निदान पाणी तरी असतं.

मग दाखले येतात. दाखले खरे आहेत, म्हणून तर ते घातक आहेत. २००३ मध्ये अमेरिकेतला क्रिस मनीमेकर नावाचा अकाउंटंट इंटरनेटवरच्या छोट्या स्पर्धेतून जागतिक स्पर्धेत पोचला आणि २५ लाख डॉलर जिंकला. (आडनाव खरंच मनीमेकर. जाहिरातवाल्यांना देव पावला!) पण त्याची ती छोटी स्पर्धा फुकट नव्हती, आणि तो नोकरी असलेला माणूस होता. नॉर्वेच्या अॅनेट ओब्रेस्टाडचं उदाहरण जास्त जवळचं. पंधराव्या वर्षी फुकट स्पर्धांपासून सुरुवात केली, कधी खिशातून पैसे भरले नाहीत असं ती सांगते, आणि २००७ मध्ये लंडनला अठराव्या वर्षी दहा लाख पौंड जिंकली. विलक्षण पोरगी. पुढे तिने पोकर बरंचसं बाजूला ठेवून यूट्यूबवर मेकअपचे व्हिडिओ करायला घेतले, हे मात्र कोणी सांगत नाही.

आणि तिसरा दाखला ह्या सगळ्यांचा बाप: क्रिस फर्ग्युसन. २००६ मध्ये त्याने जाहीर केलं की मी शून्यापासून, फ्रीरोलने सुरुवात करून, दहा हजार डॉलर करून दाखवतो. दीडएक वर्षात करून दाखवलेही. शून्यातून करिअरची गोष्ट सांगणारे सगळे ह्याच्या नावाची माळ जपतात. आता हा फर्ग्युसन कोण? २००० सालचा पोकरचा जगज्जेता आणि कॅलिफोर्निया विद्यापीठातून संगणकशास्त्रात पीएच.डी. ह्या माणसाने स्वतः लिहून ठेवलंय की पहिले सहा-सात महिने दोन-तीन डॉलरच्या वर जाणं कठीण झालं होतं. जगज्जेत्याचे सहा-सात महिने, दोन-तीन डॉलर! आणि तो हे ज्या फुल टिल्ट नावाच्या साइटवर करत होता, तिच्या मालकांपैकी एक तो स्वतः होता. त्याची गोष्ट ही त्याच्याच दुकानाची पाटी होती. २०११ मध्ये अमेरिकी सरकारने त्या कंपनीवर आरोप ठेवला की खेळाडूंचे ३९ कोटी डॉलर देणं आहे आणि बँकेत आहेत फक्त सहा कोटी. बाकीचे मालकांनी वाटून घेतले. त्यात फर्ग्युसनचंही नाव होतं. पुढे त्याने गुन्हा कबूल न करता सरकारशी तडजोड केली.

इतक्या लांब जायची गरजही नाही. २०२३ च्या जुलैत नागपूरच्या एका व्यापाऱ्याने तक्रार केली की ऑनलाइन जुगारात आपली ५८ कोटींची फसवणूक झाली. छापा पडला तो आमच्या गोंदियात, आणि घरातून कोट्यवधींची रोकड नि किलोच्या हिशोबात सोनं निघालं. ते पोकर नव्हतं, आणि आरोप तो आरोपच. पण पोलिसांनी सांगितलेल्या हकिकतीतली एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे: व्यापाऱ्याला लिंक मिळाली तेव्हा खात्यात आठ लाख रुपये आधीच दिसत होते. व्यापाऱ्याला आठ लाख दाखवावे लागतात, चोरखमाऱ्याच्या पोराला फुकट प्रवेश पुरतो. गिऱ्हाईक बघून आमिष, एवढाच फरक.

"आता हे सगळं कशाला? कायद्याने बंदच झालं ना?" असं काही वाचक म्हणतील. २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्राने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला हे खरं. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ, कौशल्याचे असोत की नशिबाचे, सगळे त्यात आले. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. देशी पोकर कंपन्यांनी पैशाची टेबलं लगेच बंद केली. (त्याच्या महिनाभर आधी आपल्या तत्कालीन कृषिमंत्र्यांचा विधान परिषदेत मोबाइलवर रमी उघडल्याचा व्हिडिओ गाजला होता. आपण खेळत नव्हतो असं ते म्हणाले. खातं बदललं आणि मिळालं क्रीडा! :-) )

पण कायद्याचा गाभा पैसे किंवा दुसरं काही मोल लावण्यात आहे. जिथे खेळणारा काही भरतच नाही, ते फुकटचं टेबल त्यातून निसटतं. म्हणजे शिडीच्या वरच्या पायऱ्या देशात तरी काढून टाकल्या, आणि खालची एक ठेवली. आता ह्या पायरीवरून पोरगा जाणार कुठे? एक तर परदेशी साइटवर, जिथे पैसे अडकले तर तिरोड्याच्या ठाण्यात जाऊन सांगायचं काय? नाहीतर गोव्याला, मांडवीतल्या कॅसिनोच्या बोटीवर, जिथे स्पर्धांची फी दहा-दहा हजारांच्या पटीत चालते. आणि त्या गोव्याने २०२० च्या फेब्रुवारीपासून स्वतःच्या पोरांना कॅसिनोत जायला बंदी केलेली आहे. ज्यांच्या दारात ही बोट उभी आहे, त्यांनी आपल्या मुलांसाठी काय ठरवलं ते बघा.

एक आक्षेप मात्र मला खरोखर अडवतो. पोलीस भरतीत तरी काय होतं? शेकड्यांनी जागा, हजारांनी अर्ज. तीही फ्रीरोलच नाही का? चोरखमाऱ्याचा पोरगा हे मला तोंडावर म्हणाला आणि मी लगेच उत्तर देऊ शकलो नाही. विचार करून एवढंच सांगतो: भरतीसाठी पहाटे धावणाऱ्याला जागा मिळाली नाही तरी पाय त्याचेच राहतात, आणि जागा मिळाली तर ती मागे राहिलेल्यांच्या खिशातून येत नाही. पोकरमध्ये जिंकलेला प्रत्येक रुपया कोणीतरी हरलेला असतो, वर टेबलवाल्याचा काप वेगळा. "शंभर पोरांनो, या, सगळे करिअर करा" हे वाक्य त्या खेळात गणितानेच खोटं आहे. शंभरातल्या पाचांचं करिअर व्हायला पंचाण्णव हरणारे लागतात, आणि फुकटचं दार ते पंचाण्णव आत आणण्यासाठी आहे. भरतीच्या जागा कमी आहेत ही तक्रार रास्त आहे, ती सरकारकडे करू. तिचा फायदा पत्त्यांच्या दुकानदाराला का द्यायचा?

माझी मागणी साधी आहे. ज्यांनी ही शिडी विकली, देशी असोत की परदेशी, त्यांच्याकडे प्रत्येक खात्याची पै न पै नोंदलेली आहे. फुकट प्रवेशाने सुरू झालेली खाती किती, त्यातल्या किती जणांनी कधीच खिशातून पैसे न भरता १०,००० रुपयांहून जास्त काढून घेतले, आणि किती जणांनी पहिल्या तीन महिन्यांत आपले पैसे भरले, हे तीन आकडे त्यांनी जाहीर करावेत. मग तिरोड्याच्या बसस्टँडवर लावा खुशाल जाहिरात.