जहाजात माल कोण भरतं?

नवं 'स्टार ट्रेक' आलं की जुन्या भक्तांच्या पोटात दुखायला लागतं. हे आमचं स्टार ट्रेक नव्हे म्हणतात. २०१७ ला 'डिस्कव्हरी' आली तेव्हापासून ही बोंब चालू. २०२४ ला 'डिस्कव्हरी' संपली, बोंब काही संपली नाही. आपण पण या मालिकेचे भक्तच. इंग्रजी मॅट्रिकपुरतं, म्हणून खाली येणारी अक्षरं वाचत वाचत, मोबाईलच्या टीचभर काचेवर, दुसरी पाळी सुटल्यावर बघितलंय सगळं. तेव्हा बोलायचा हक्क आपल्याला पण आहे. नव्याबद्दल शंका मला पण आहे. फक्त माझी शंका आणि त्यांची शंका एका गोणीत भरू नका. गोदीत सिमेंट आणि साखर एका झोळीत उचलत नाहीत.

आधी एवढं मान्य करू, की शंका घेणं हा चाहत्याचा धंदाच आहे. मूळ मालिका ८ सप्टेंबर १९६६ ला अमेरिकेत एनबीसीवर लागली. दोन वर्षांत बंद पडायची वेळ आली. तेव्हा लोकांनी पत्रांचा पाऊस पाडला, चॅनेलच्या दारात मोर्चा नेला, आणि तिसरं वर्ष मिळवून घेतलं. एकूण ७९ भाग झाले आणि १९६९ ला मालिका गेली. म्हणजे ज्यांनी पदरचे तिकिटाचे पैसे घालून ही गोष्ट जगवली, त्यांनी पुढच्या मालकाला जाब विचारला तर त्यात गैर काय? मालकी त्यांची नाही, हिस्सा नाही, पण घाम त्यांचा आहे.

पण जाब कशाचा विचारता ते तर बघू. १९८७ ला 'नेक्स्ट जनरेशन' आलं तेव्हा पण हाच दंगा होता. कर्क नाही, स्पॉक नाही, कॅप्टन टकला, नाव फ्रेंच आणि नट इंग्रज. पूलावर क्लिंगॉन उभा, काल परवाचा दुश्मन. च्यायला, टक्कल मोजत बसले! आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात 'कोड ऑफ ऑनर' नावाचा भाग लागला. एक अख्खा ग्रह काळ्या माणसांचा, आणि ते कसे? तर टोळीवाले, भडक कपड्यांतले, गोरी बाई पळवून नेणारे. शंका घ्यायची ती इथं घ्यायला पाहिजे होती. पुढं त्यात काम केलेल्या नटांनाच त्या भागाची लाज वाटली. तेच 'नेक्स्ट जनरेशन' आज हे लोक सोवळ्यात ठेवतात, त्याला धक्का लागला की विटाळ होतो.

आता 'डिस्कव्हरी'कडे या. तक्रारी दोन जातीच्या. पहिली जात खरी. क्लिंगॉनांची डोकी बदलली म्हणून ओरड झाली, ती सोडा. १९७९ च्या सिनेमात पण ती बदलली होती, साठच्या क्लिंगॉनांच्या कपाळावर वळ्या नव्हत्याच. ही तक्रार किरकोळ. पण पहिला भाग फुकट टीव्हीवर दाखवायचा आणि पुढचे बघायला वेगळी वर्गणी लावायची, ही लूट होती. आल्या आल्या युद्ध, दरवर्षी अख्ख्या विश्वावर संकट, आणि दरवर्षी एकच माणूस सगळ्यांना वाचवणार, हे पण खरं. जुन्यात एक भाग एक प्रश्न घेऊन यायचा. माणसं टेबलाभोवती बसून भांडायची, वाद घालायची. नव्यात वाद घालायला कुणाला फुरसत नाही, सगळे पळतायत आणि रडतायत. हे मी पण म्हणतो.

दुसरी जात मात्र वेगळीच. ती म्हणते, यात राजकारण घुसवलं. नीट विचारलं की कळतं राजकारण म्हणजे काय. मायकल बर्नहॅम ही काळी बाई मधोमध उभी आहे, हे राजकारण. गोरा पुरुष मधोमध उभा होता तेव्हा ते विज्ञान होतं!

अरे, १९६६ ला निशेल निकोल्स उहुरा होऊन बसली ते काय होतं? पहिल्या वर्षानंतर ती सोडून निघाली होती, नाटकात जायचं होतं तिला. मार्टिन ल्यूथर किंगनी तिला सांगितलं, जाऊ नकोस, तिथं तुझं असणं आमच्या मुलांना दिसतंय. ती राहिली. किंगला ते राजकारण कळलं, आणि पन्नास वर्षं मालिका बघितलेल्या या पंडितांना कळलं नाही? १९६९ च्या जानेवारीत अर्ध्या काळ्या अर्ध्या गोऱ्या तोंडाच्या दोन माणसांचा भाग लागला. एकाचा उजवा काळा, एकाचा डावा काळा, आणि तेवढ्यावरून त्यांचा ग्रह बेचिराख. ते बघून ज्याच्या टाळक्यात काय शिरलं नाही, त्यानं जुन्याची पूजा करू नये. त्यानं जुनं बघितलेलंच नाही.

एक हिशोब मांडतो. मुकादमाच्या वहीसारखा, रोकडा. कर्क पहिल्या दिवसापासून कॅप्टन. पिकार्ड पहिल्या दिवसापासून कॅप्टन. जेनवे बाई असून पहिल्या दिवसापासून कॅप्टन, गोरी आहे. आर्चर पहिल्या दिवसापासून कॅप्टन. 'डीप स्पेस नाइन'चा बेंजामिन सिस्को, काळा, तो १९९३ ला कमांडर म्हणून आला आणि कॅप्टन झाला तिसऱ्या वर्षाच्या शेवटी, १९९५ ला. बर्नहॅम काळी, तिला आधी बंडखोर ठरवून जन्मठेप दिली, मग कॅप्टन केली तिसऱ्या वर्षाच्या शेवटी, २०२१ च्या जानेवारीत. मधे सव्वीस वर्षं गेली आणि काळ्या माणसाच्या बढतीला लागणारा वेळ तोच राहिला. भविष्यकाळात सुद्धा रोस्टर भरत नाही साला. ज्यांना बर्नहॅम फुकट कॅप्टन झाली असं वाटतं त्यांनी ही वही वाचावी. आणि जे नव्याला फार पुरोगामी म्हणून डोक्यावर घेतात त्यांनी पण वाचावी.

सिस्कोचं नाव निघालं म्हणून सांगतो. १९९८ च्या फेब्रुवारीत 'फार बियाँड द स्टार्स' नावाचा भाग लागला. एव्हरी ब्रुक्सनं काम केलं आणि त्यानंच दिग्दर्शन केलं. १९५३ चं न्यूयॉर्क. बेनी रसेल नावाचा काळा लेखक विज्ञानकथेच्या मासिकात लिहितो. मासिकाचे वाचक लेखकांचा फोटो मागतात, तर संपादक त्याला सांगतो, त्या दिवशी तू उशिरा झोप. बाई लेखिकेला पण तेच. हा काळ्या कॅप्टनची गोष्ट लिहितो. छापणार नाहीत. मग तडजोड निघते, ते सगळं स्वप्न होतं असं शेवटी टाक. तो टाकतो. तरी मालक अख्खा अंक रद्दीत घालतो आणि बेनीची नोकरी जाते. पोलिसांनी तुडवलेला तो माणूस ओरडत राहतो, की मी लिहिलेलं आहे, ते खरं आहे, ते तुम्ही मारू शकत नाही.

हे कुणी हवेतून आणलेलं नाही. सॅम्युएल डिलेनी या काळ्या लेखकानं स्वतः लिहून ठेवलंय. १९६७ ला त्याची 'नोव्हा' ही कादंबरी जॉन कॅम्पबेल या नामांकित संपादकानं परत केली. कारण नायक काळा, वाचकांना झेपणार नाही. ज्याच्या कविता 'साभार परत' आल्यात, ज्यानं चार मित्रांच्या खिशातून अंक काढलाय, त्याला हा भाग समजावून सांगायची गरज नाही. मला तर नव्या जुन्याचा सगळा वाद तिथंच मिटला असं वाटतं. वाचकांना झेपणार नाही असं संपादक म्हणतो, आणि तेच वाक्य आज चाहता म्हणतो.

आता माझी शंका. मी माल चढवणारा उतरवणारा माणूस. बोट दिसली की मी वर कॅप्टन बघत नाही, हॅचमध्ये कोण उतरलंय ते बघतो. स्टार ट्रेकमध्ये भूक नाही, पैसा नाही, यंत्रातून चहा येतो. झकास. पण माल कोण भरतं? जहाज बांधतं कोण?

जुन्यानं हा प्रश्न अधूनमधून तरी विचारला होता. १९८९ ला 'मेझर ऑफ अ मॅन' भागात डेटा या यंत्रमाणसाला खोलून त्याच्यासारखे हजार बनवायचे ठरतं. तेव्हा गायनन, दारूच्या गुत्त्यावरची काळी बाई, पिकार्डच्या कानात घालते, की घाण कामं करायला फेकून देण्याजोगी माणसं जगात नेहमीच बनवली गेली. पिकार्डला तेव्हा कुठं गुलामी हा शब्द सुचतो. १९९६ ला 'बार असोसिएशन'मध्ये रॉम आपल्या सख्ख्या भावाच्या बारमध्ये संप करतो. कान सडला तरी आजारपणाची पगारी रजा नाही म्हणून. ओब्रायन त्याला आपल्या पूर्वजाची गोष्ट सांगतो. १९०२ च्या पेनसिल्व्हेनियातल्या कोळसा कामगारांच्या संपातला. मेला बिचारा, अंगात बत्तीस गोळ्या. हा पूर्वज कल्पनेतला, पण १९०२ चा संप खरा. आणि शेवट काय? मागण्या सगळ्या मान्य, पण वरवर युनियन मोडल्याचं दाखवा. हे लिहिणाऱ्याला मालक माहीत होता.

म्हणून २०२० ला 'पिकार्ड' नावाची नवी मालिका आली तेव्हा मी आशेनं बसलो. दुसऱ्याच भागात मंगळावरची जहाज बांधायची गोदी. रोम्युलन निर्वासितांना वाचवायला ताफा बांधला जातोय. सणाचा दिवस, सुट्टी नाही. आणि कपाटातून बाहेर काढलेले यंत्रमजूर, एफ-८ नावाचा एक. माणूस-कामगार त्याला विनोद सांगतात, त्याच्यावर हसतात. मी ताडकन उठून बसलो. गायननची भीती खरी झाली होती. डेटाचे हजार बनवले होते आणि त्यांना गोदीत लावलं होतं. पुढच्या क्षणी एफ-८ गोदीची कवचं पाडतो, सगळं पेटतं, नव्वद हजारांवर माणसं मरतात, आणि शेवटी तो स्वतःच्या डोक्याला लावतो. मी म्हटलं, आता सांगतील. का पेटला ते सांगतील.

आणि काय सांगितलं? तर रोम्युलन हेरांनी त्यांच्या डोक्यात बाहेरून घुसून ते करवलं. संपलं. म्हणजे बंड पण त्यांचं नव्हतं! गोदी पेटली तर कुणीतरी बाहेरचा चिथावणीखोर असणार, मजूर आपण होऊन पेटतच नाही. हे मी प्रत्येक संपात व्यवस्थापनाच्या तोंडून ऐकलंय, ते आता तारामंडळातून ऐकावं लागलं. पुढं यंत्रमाणसांवरची बंदी उठली, पण ती आली डेटाच्या नाजूक, देखण्या लेकींच्या पुण्याईनं. कपाटातल्या एफ-८ चं पुढं कुणी नाव घेतलं नाही.

जुन्या भक्तांनी 'पिकार्ड'ला शिव्या घातल्या त्या कशासाठी? शिव्याळ बोलतात, सिगारेट ओढतात, फेडरेशनला वाईट दाखवलं यासाठी. फेडरेशन वाईट दाखवलं ही तर एकच गोष्ट धड केली होती! ती अर्धी सोडून दिली, हा गुन्हा आहे.

नव्यातलं मला पटलं ते कार्टून. 'लोअर डेक्स', २०२० ते २०२४, पन्नास भाग. खालच्या मजल्यावरची पोरं, वाटेतल्या पट्ट्यांवर झोपतात, होलोडेकच्या गाळण्या साफ करतात. कार्टून म्हणून भक्तांनी आधी नाकं मुरडली, नंतर बरेच मऊ झाले. ती पोरं पण शेवटी ऑफिसरच, शिकाऊ का होईना. तरी घाण काय असते ते त्यांना माहीत आहे.

आणि कुणाची मालिका कुणाच्या हातात, ते पण ऐका. 'डिस्कव्हरी' आपल्याकडे नेटफ्लिक्सवर होती. २०२१ च्या नोव्हेंबरात चौथं वर्ष सुरू व्हायच्या तोंडावर, दोनेक दिवस आधी सांगून, अमेरिका कॅनडा सोडून सगळीकडून ती काढून घेतली. मागचे भाग पण गेले. मालकाला नव्या दुकानात माल मांडायचा होता. त्या आठवड्यात शिव्या घालणारे आणि पूजा करणारे सगळे सारखेच काळ्या काचेकडे बघत बसले होते. १९६८ सारखा मोर्चा मात्र कुणी कुणाच्या दारात नेला नाही.