अर्गानचे रान

अंगणातील चिकू आणि रानातील मोह ज्या कुळातले, त्याच कुळातील एक काटेरी वृक्ष मोरोक्को देशाच्या नैर्ऋत्येस, सूस नदीच्या खोऱ्यात व भोवतालच्या डोंगरउतारांवर, आपोआप वाढतो. त्यास अर्गान म्हणतात. पाऊस बेताचा, भूमी खडकाळ. तरी खोल मुळांच्या बळावर तो तग धरतो. त्यावर चढून चरणाऱ्या शेळ्यांची चित्रे पुष्कळ वाचकांनी पाहिली असतील. ती खोटी नव्हेत. मात्र अलीकडे प्रवाशांकडून चार पैसे मिळावेत म्हणून काही शेळ्या मुद्दाम चढविल्या जातात.

आमचे लक्ष त्याच्या फळाकडे आहे. एका झाडाचे फळ वाटोळे, शेजारच्याचे अंड्यासारखे लांबट, तिसऱ्याचे टोकांस निमुळते. आतील बी फोडावी तर कोठे एक मगज, कोठे दोन, क्वचित तीन. कवच कोठे पातळ, कोठे भलतेच जाड. ह्याचे कारण असे की, वारा व कीटक एका झाडाचे पराग दुसऱ्यावर नेतात, आणि बीपासून उगवलेले रोप आईची हुबेहूब प्रतिमा नसते. आंब्याची कोय लावणाऱ्यास हे सांगावयास नको.

तेथील अमाझिग स्त्रिया बी दगडावर ठेवून दुसऱ्या दगडाने फोडतात. मगजात वजनाच्या सुमारे निम्मे तेल असते. परंतु ते हाती येईतो कित्येक तास मोडतात. जाड कवचाचे ओझे काय असते ते त्यांच्या बोटांस विचारावे! म्हणून पातळ कवचाची, भरपूर तेलाची झाडे निवडून त्यांच्या बागा कराव्यात, हा विचार आम्हांस रास्त वाटतो. पण निवडक झाडांचीच संतती सर्वत्र लावली, तर अवर्षण सोसणारा एखादा गुण ज्या जाड कवचाच्या झाडात दडला असेल, त्याचे काय? चिकूचे कलम बांधण्यास आपणही रानटी खिरणीचेच रोप घेतो.

१९९८ साली युनेस्कोने ह्या प्रदेशास राखीव जीवावरणाचा दर्जा दिला. तथापि तेलास भाव आल्यापासून बिया झाडाखाली फारशा उरत नाहीत, उगवलेले कोंब शेळ्या खातात, आणि नवे झाड स्वतःहून क्वचितच वाढते. फळे पिकण्याच्या सुमारास काही मास रान गुरांस बंद ठेवण्याची तेथे जुनी चाल आहे. तीस ‘अग्दाल’ म्हणतात. फळे वेचून झाली की रान मोकळे होते, आणि शेळ्या परत येतात.