कपाटातला घट

‘कपाटात मेथी उगवायची असेल, तर मग बालकवी शिकवायचे कशाला?’ स्टाफरूममध्ये आमचे एक ज्येष्ठ सहकारी चहा घेताना म्हणाले. बोलणे थट्टेचे होते, सगळे हसले, मीही हसले. पण तो प्रश्न काही डोक्यातून जाईना. मराठी साहित्याच्या अध्यापकांना निसर्गाविषयी जे वाटते आणि जे वाटत नाही, ते सगळे त्या एका वाक्यात आले होते.

आधी कपाटाची हकिकत सांगते. डोंबिवली पूर्वेतली आमची जुनी इमारत पुनर्विकासासाठी रिकामी करावी लागली आणि आम्ही भाड्याच्या घरात आलो. या घराच्या खिडकीसमोर चार फुटांवर शेजारच्या इमारतीची भिंत आहे. जुन्या घराच्या ग्रिलमध्ये आईची तुळस होती, ओवा होता, गवती चहा होता. दोन महिन्यांत एकेक करून सगळे गेले. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. ती तक्रार करीत नाही; झाडांविषयी बोलणे तिने नुसते बंद केले. त्या वर्षी नवरात्रात घट बसवायला कोपरा मिळेना, तेव्हा तिने बेडरूममधल्या कपाटाचा खालचा कप्पा रिकामा केला, परडीत काळी माती पसरली, गहू-ज्वारी पेरली आणि मधोमध घट ठेवला. दिवा मात्र बाहेर पाटावर. ‘अगं, प्लायवूड आहे ते,’ असे तिनेच मला सुनावले.

नऊ दिवसांत अंकुर वीतभर वाढले. पिवळट, नाजूक, एकमेकांना टेकून उभे. दसऱ्याला टोपीत आणि पागोट्यात खोवला जाणारा तो रंग आपल्याला इतका परिचित आहे की त्याचे कारण कुणी विचारत नाही. कारण साधे आहे. या अंकुरांना हरितद्रव्य तयार करायला उजेड लागतो. तो नसला की रोप दाण्यातल्या शिदोरीवर नुसते उंच होत जाते, उजेडाच्या शोधात. आपले धान शेतकरी देवघरातल्या या अंधारात तपासून घेत आले आहेत. कोणते बियाणे जोमाने उगवले हे पाहून रब्बीचा अंदाज बांधायचा, ही घटाची दुसरी बाजू. म्हणजे घरातल्या अंधाऱ्या कोपऱ्यात काहीतरी उगवणे ही परदेशातून आलेली टूम नव्हे. ते आपल्या घरातले जुने आणि पवित्र काम आहे.

दसरा झाल्यावर मी कप्पा आवरू दिला नाही. आतून पांढरा रंग दिला, वर वीस वॅटची एलईडी ट्यूब लावली, खाली दोन पसरट ट्रेंमध्ये कोकोपीट भरले. बाहेर भर उन्हात लाखभर लक्स उजेड असतो. आपल्याला लख्ख वाटणाऱ्या खोलीत दोन-तीनशे. डोळा या फरकाला सरावतो, रोप फसत नाही. ट्यूब प्रथम दीड फुटावर होती, तर मेथी लांबुडकी होऊन आडवी झाली. सहा-सात इंचांवर आणल्यावर ती ठेंगणी आणि हिरवीगार आली. दिवसाला चौदा तास दिवा, म्हणजे महिन्याला साडेआठ युनिटच्या आत वीज. दार किंचित उघडे आणि एक लहान पंखा. तरीही पावसाळ्यात मोहरीच्या दोन ट्रेंवर बुरशी आली आणि खालची फळी फुगली. (घरमालकांना हे अद्याप सांगितलेले नाही.) बाराव्या दिवशी मेथीची पहिली जुडी निघाली. मुंबईच्या बाजारात वाळूत वाढवलेल्या इवल्या समुद्रमेथीच्या जुड्या मिळतात, तशी. आईने ती हातात घेऊन वास घेतला आणि ‘माती नाही ना वापरलीस?’ असे विचारले. तिच्या लेखी ही मेथीतली उणीव होती. मला वाटते, ती बरोबर होती.

आता सहकाऱ्यांच्या प्रश्नाकडे. हे कृत्रिम आहे, असा त्यांचा आक्षेप. पण डोंबिवलीत कृत्रिम कशाला म्हणावे? २०१४ च्या जानेवारीत इथल्या एमआयडीसी परिसरात हिरवा पाऊस पडला. २०२० च्या फेब्रुवारीत तिथलाच एक रस्ता गुलाबी झाला. आभाळातून हिरवा रंग पडतो आणि रोप कपाटात लावावे लागते, अशा गावात राहून नैसर्गिक शब्द जपूनच वापरला पाहिजे. १८२९ च्या सुमारास लंडनमध्ये नॅथॅनियल वॉर्ड नावाच्या डॉक्टरांची नेचे कारखान्यांच्या धुराने मरत असत. बंद बाटलीतल्या ओल्या मातीत मात्र एक नेचे आपोआप उगवलेले त्यांना दिसले. त्यातून काचेच्या पेट्या आल्या आणि पुढे त्याच पेट्यांतून चीनमधला चहा हिमालयाच्या उतारांवर आला. ज्या चहाबरोबर आमची थट्टा झाली, त्याच्या कुळातही एक कपाट आहे.

खरा प्रश्न वेगळाच आहे आणि तो मला टोचतो. मराठीत निसर्ग आला तो अंगण, परसू, बांध, पाणंद या शब्दांचा हात धरून. दुर्गाबाई भागवतांचे ‘ऋतुचक्र’ १९५६ सालचे; ते वाचताना माझ्या वर्गातल्या मुलांना झाडांची नावे माहीत नसतात, म्हणून मी दरवर्षी हळहळते. पण त्यांना जे माहीत आहे ते मी विचारते का? काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीने ‘माझ्या अनुभवातील निसर्ग’ या लेखनात ट्यूबलाइटखाली बाटलीत वाढणाऱ्या मनीप्लांटविषयी लिहिले होते. दिवा येथून येणारी मुलगी, घर एका खोलीचे. रात्री धाकट्या भावाला झोप यावी म्हणून दिवा घालवतात, तेव्हा पानांचे काय होत असेल, असे काहीसे तिने लिहिले होते. मी समासात ‘विषयांतर’ असा शेरा मारला आणि वीसपैकी आठ गुण दिले. बालकवींची अनुकरणे करणाऱ्या, कधीही न पाहिलेल्या निर्झरांवर लिहिणाऱ्या मुलांना मी चौदा-पंधरा दिले होते. आज ती वही समोर असती, तर तो शेरा मी खोडला असता.

म्हणून कपाटाचा गौरव करावा, असेही मला म्हणायचे नाही. गणिताचे प्राध्यापक श्रीपाद दाभोळकर यांनी प्रयोग परिवाराच्या द्वारे शहरातल्या गच्चीवर भाजीपाला पिकवण्याचे शास्त्र मांडले. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर २००२ पासून प्रीती पाटील यांनी स्वयंपाकघराच्या ओल्या कचऱ्यातून बाग उभी केली. सूर्य फुकट आहे, तोवर वीज जाळणे हा उपाय दुय्यमच. मात्र गच्ची सोसायटीची असते आणि गळतीच्या भीतीने तिला कुलूप असते. येऊरचे जंगल ठाण्याला असते, आमच्या पूर्वेला नसते. कपाट तेवढे आपले, आणि भाड्याच्या घरात तेही पूर्णपणे नाही. ही तडजोड आहे हे सांगायला लाज वाटू नये, इतकेच. साहित्यात तडजोडीचे दुःख आले की आपण त्याला वास्तव म्हणतो. तडजोडीतला आनंद आला की आपण तो हौशी ठरवतो. हा भेद मला पटत नाही.

परवा नव्या इमारतीचा आराखडा घरी आला. त्यात ड्राय बाल्कनी आहे, वॉशिंग मशीनच्या मापाची. आईने चष्मा लावून तो कागद बराच वेळ पाहिला, उजेड कुठल्या बाजूने येणार ते विचारले. मला सांगता आले नाही. मग तिने उठून कपाटाचे दार उघडले आणि ट्रेमध्ये पाणी शिंपडले.