औषध उकिरड्यात हवे

कोकणात माडाचा कोवळा कोंब गेंड्या भुंगा पोखरतो. पुढे उमलणारी झावळी कात्रीने कापल्यासारखी दिसते. त्याच जखमेतून सोंड्या भुंगा शिरला, तर माड बहुधा हातचा जातो. बागायतदारांचे लक्ष शेंड्याकडे. गेंड्याची पैदास मात्र खाली, शेणखताच्या खड्ड्यात होते. तिथल्या पांढऱ्या अळ्यांवर मेटारायझियम ही बुरशी सोडावी. तिचे बीजाणू कातडीला चिकटतात, रुजतात, आत शिरतात. मेलेली अळी ताठरते, हिरव्या भुकटीने झाकली जाते आणि इतर अळ्यांना लागण देते. मेचनिकॉव्ह यांनी १८७९ मध्ये ओडेसात गव्हावरच्या भुंगेऱ्यांसाठी हीच बुरशी वापरून पाहिली होती. म्हणजे कल्पना काही कालची नव्हे.

उन्हात बीजाणू लवकर निकामी होतात, ओलसर खड्ड्यात टिकतात. गुण यायला वेळ लागतो, आणि भुंग्याला शेजाऱ्याचे कुंपण ठाऊक नसते. त्यामुळे एकट्यादुकट्याचा उपाय अपुरा. ग्रामपंचायतींनी वाडीतले सगळे खड्डे एकाच वेळी हाती घ्यावेत आणि कृषी विभागाने त्या वेळी ताजी, जिवंत बुरशी पोचवावी. मुदत संपलेल्या पुड्या वाटून अळी मरणार नाही.